कापसाच्या जिल्ह्यातलं ताट: भाकर ते पाच रुपयांचं पाकीट

आजच्या भागाचा विषय आहे पोरांचं वाढतं वजन. "आजकालची पोरं मोबाईल बघत काहीही खातात" हे तुम्ही ऐकलंच असेल, कदाचित तुमच्याबद्दलच. पण आपल्या यवतमाळमध्ये ही गोष्ट मोबाईलच्या दीडशे वर्षं आधी सुरू होते.

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. यवतमाळचा भाग पुढे वणी जिल्हा म्हणून ओळखला जायचा, 'यवतमाळ जिल्हा' हे नाव १९०५ चं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस अडकला आणि इंग्लंडच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस हवा झाला. पुढे मूर्तिजापूर-यवतमाळ ही आपली 'शकुंतला' रेल्वेसुद्धा कापूस वाहायलाच आली.

कापूस विकता येतो, खाता येत नाही. ज्वारीची जमीन कापसाकडे गेली, आणि १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत वऱ्हाडात माणसं भुकेनं मेली. इतिहासकार लक्ष्मण सत्या यांनी कापूस आणि दुष्काळाच्या या नात्यावर अख्खं पुस्तक लिहिलंय.

तरी ज्वारी टिकली. भाकर, कण्या, आंबील, सोबत अंबाडीची भाजी. तिला मोठा धक्का नंतर बसला. रेशनवर मुख्यतः गहू-तांदूळ मिळू लागला. मग सोयाबीन आलं आणि खरिपाची ज्वारी शेतातून मागे हटली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्य १ रुपया किलो लिहिलं होतं, पण पिशवीत पडायचे ते प्रामुख्याने गहू-तांदूळच. म्हणजे ज्वारी आधी शेतातून गेली, मग ताटातून. पोरांनी ती 'सोडली' म्हणणं अर्धंच खरं आहे.

रिकाम्या जागेत काय आलं? १९८३ मध्ये मॅगी, १९९९ मध्ये कुरकुरे. मग पाच रुपयांची पाकिटं गावातल्या शेवटच्या किराणा दुकानापर्यंत लटकली. पाच रुपयांत सफरचंद येत नाही, पाकीट येतं. आई-बाबा दिवसभर वावरात असतील तर पोराच्या हातात काय पडणार, सांगा.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांमध्ये गर्भवती आया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथल्या बाळाचं सरासरी वजन साधारण २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळाचं ३.५ किलो. पण आपल्या बाळात कमी होते ते मुख्यतः स्नायू, चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसायला बारीक, आतून चरबीचं. पोटात असताना नीट पोषण मिळालं नाही, की शरीर साठवून ठेवायला शिकतं. आमच्या भाषेत सांगायचं तर डिफॉल्ट सेटिंग टंचाईचं आणि इनपुट पाकिटाचं. अशा मुलांना पुढे मधुमेहाचा धोका जास्त असतो.

म्हणूनच महाराष्ट्राचे आकडे विचित्र दिसतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार पाच वर्षांखालची जास्त वजनाची मुलं २०१५-१६ मध्ये १.९ टक्के होती, २०१९-२१ मध्ये ४.१ टक्के झाली. त्याच वेळी ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी. कुपोषण गेलं आणि लठ्ठपणा आला असं झालेलं नाही, दोन्ही एकाच गल्लीत राहतात. कधी कधी एकाच घरात.

सरकारने २०१७ मध्ये शाळेच्या कँटीनमध्ये जंक फूडवर बंदी घातली. २०२० च्या केंद्रीय नियमांनी शाळेपासून ५० मीटरपर्यंत विक्रीला मनाई केली. चांगलंच आहे. पण ५१ व्या मीटरवर दुकान आहे आणि घरात ज्वारी नाही, त्याचं काय? बंदीइतकंच गरजेचं आहे ते रेशनवर, अंगणवाडीत आणि शाळेच्या खिचडीशेजारी ज्वारी परत येणं. गरोदर बाईच्या ताटाकडे लक्ष देणं तर त्याच्याही आधी.

तोवर एक करा. वर्गातल्या पोट्ट्याला 'जाड्या' म्हणणं बंद करा. त्याच्या वजनात दीडशे वर्षांचा हिशोब आहे, तो एकट्याच्या माथी मारू नका. आणि घरी आजी असेल तर विचारा, तिच्या लहानपणी सकाळी ताटात काय असायचं. उत्तर आम्हाला व्हॉइस नोटवर पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. भेटूया!