पूररेषा म्हणजे काय? निळी आणि लाल रेषा कशी वाचायची?

सप्टेंबर २०१९ मध्ये नाझरे धरणातून पाणी सुटलं, कऱ्हेला पूर आला आणि बारामतीत हजारो लोकांना घरं सोडावी लागली. इंदापूर तालुक्यात नीरा नरसिंहपूरला नीरा आणि भीमा एकत्र येतात, तिथेही पावसाळ्यात धास्ती असतेच. म्हणून नदीकाठी प्लॉट घेण्याआधी या दोन रेषा बघा.

निळी रेषा: सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द. नदी ते ही रेषा, हे निषिद्ध क्षेत्र.

लाल रेषा: १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द. दोन्हींच्या मधलं नियंत्रित क्षेत्र, तिथे बांधकामाला अटी असतात.

गोंधळ इथेच होतो. ‘१०० वर्षांतून एकदा’ म्हणजे आता १०० वर्षं निवांत, असं नाही. शक्यता दरवर्षी १ टक्का असते. मी ०.९९ चा ३० वा घात काढला, उत्तर आलं ०.७४. म्हणजे ३० वर्षांच्या होमलोनच्या काळात लाल रेषेपर्यंत पाणी येण्याची शक्यता २६ टक्के! निळ्या रेषेसाठी तीच ७१ टक्के.

सांगली-कोल्हापूरच्या २०१९ च्या महापुरानंतर सरकारने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली होती. प्लॉटचंही तसंच करा. कोड लिहिणाऱ्यानेच टेस्ट केला तर बग सुटतात. विकणाऱ्याचा शब्द पुरेसा नाही. जलसंपदा विभागाचा पूररेषा नकाशा तपासा, २०१९ ला पाणी कुठवर आलं होतं ते शेजाऱ्यांना विचारा, आणि फोनमध्ये केंद्रीय जल आयोगाचं ‘फ्लडवॉच इंडिया’ अ‍ॅप ठेवा.