साडेसातीत नखभर

शिंगणापुरात चोरी होत नाही, अशी आमच्या मुलखाची श्रद्धा आहे. घरांना दारे नाहीत, मग कुलपे कुठून असणार? २०११ साली तिथे बँकेची शाखा निघाली तीही बिनकुलपाची. खुद्द शनिदेव चौथऱ्यावर ऊनपाऊस झेलीत, छपराविना उभे. अशा गावाच्या शिवेलगत मी एक चोरी केली आहे, आणि तीही शाळेतल्या मुलांच्या हातून. कबुली द्यायला दिवाळीसारखा दुसरा मुहूर्त कोणता?

शाळेच्या आवारात एक जुनी चिंच होती. बुंध्यावर राखी-हिरवट चट्टे. सुटीआधी आवार स्वच्छ करण्याची टूम निघाली, तेव्हा मी मोठ्या ऐटीत सांगितले, "झाडाला खरूज झाली आहे. खरवडून काढा आणि चुना लावा." मुलांनी तासाभरात खुरप्यांनी बुंधा लखख केला. एका मुलाची आजी त्याला न्यायला आली होती. तिने खाली पडलेला एक पापुद्रा उचलला, बोटांत चुरगाळला आणि म्हणाली, "गुरुजी, ही खरूज कसली? मसाल्यात घालतो त्या दगडफुलाचं भावंड दिसतंय हे." मुले हसली. मला हसू आले नाही.

मी शास्त्र शिकलेला माणूस नव्हे; पण त्या दिवसापासून पुस्तके धुंडाळू लागलो. म्हातारीचेच खरे निघाले. आपल्या गोड्या मसाल्यातले दगडफूल झाडांच्या सालींवर आणि खडकांवर वाढते. ग्रंथांत त्याच्या कुळाला शैवाक म्हणतात. शेवाळ निराळे. त्याला इवली हिरवी पाने असतात. पावसाचे पाणी सालीच्या ज्या भेगांतून ओघळते, तिथे ते मखमलीसारखे पसरते आणि उन्हाळ्यात कोळपते. शेवाळ उत्तरेच्या बाजूलाच वाढते, असे परदेशी गोष्टींत वाचून मी मुलांना शिकवीत असे. पण आमच्याकडे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्यच किंचित उत्तरेला असतो! इथे शेवाळ दिशा पाहत नाही, ओल आणि सावली पाहते.

शैवाकाची कुळकथा तर कादंबरीला लाजवील अशी. लिनिअसने १७५३ सालच्या ग्रंथात ही सारी मंडळी एकाच नावाखाली कोंबली. वनस्पतिसृष्टीतले हे सर्वांत दरिद्री कुणबी, असे त्याचे मत होते. त्याचा शिष्य अकारियस याने त्यांची नीट वर्गवारी केली. तरीही ही एकच वनस्पती आहे, याविषयी कोणाला शंका नव्हती. १८६७ साली स्वित्झर्लंडच्या श्वेंडेनर याने सांगितले, की हा एक जीव नाहीच. बुरशीच्या घरात शैवल नांदते. बुरशी आसरा आणि ओल देते, शैवल उन्हातून अन्न तयार करते. विद्वानांनी त्याची थट्टा केली. निलँडर हा त्या काळचा मोठा जाणकार. पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेत टिकलेले शैवाक शहराच्या धुरकट हवेत इतरत्र नाहीसे होतात, हे १८६६ साली त्यानेच टिपले होते. पण त्यालाही श्वेंडेनरचे म्हणणे अखेरपर्यंत पटले नाही. पुढे श्वेंडेनर खरा ठरला, आणि २०१६ साली तर अनेक शैवाकांत यीस्टच्या जातीचा आणखी एक भाडेकरू सापडला. म्हणजे या घरालाही दार नाहीच!

आपल्याकडेही हे काम झाले. शं. पु. आघारकर यांनी पुण्यात १९४६ साली ज्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीची धुरा घेतली, तिथल्या अभ्यासकांनी पुढे सह्याद्रीतले शैवाक गोळा करून त्यांची ओळख पटवली. आणि मी? ज्या लिटमस कागदावर मुलांना आम्ल ओळखायला शिकवीत होतो, त्याचा रंग मुळात शैवाकातून काढलेला, हेही मला ठाऊक नव्हते. शैवाक झाडाचा रस शोषीत नाही. साल म्हणजे त्याला केवळ बसायचा पाट. आमच्या चिंचेला काही रोग झालेलाच नव्हता.

सर्वांत जास्त लागली ती एक गोष्ट. शैवाकाच्या कित्येक जाती वर्षाला मिलिमीटरभरही सरकत नाहीत. हा संथपणा इतका भरवशाचा, की १९५० साली ऑस्ट्रियाच्या बेशेलने दगडांवरच्या शैवाकांचा आकार मोजून हिमनद्यांनी सोडलेल्या दगडराशींचे वय काढण्याची रीत घालून दिली. शनीला आपण शनैश्चर म्हणतो, म्हणजे सावकाश चालणारा. त्याची साडेसाती भल्याभल्यांना युगासारखी वाटते. तेवढ्या साडेसात वर्षांत अशा शैवाकाची कडा करंगळीच्या नखाएवढीही पुढे जात नाही. आणि आम्ही सारे चट्टे तासाभरात उतरवले होते.

मुलांचा हात पोचला नाही तिथे, पहिल्या फांदीच्या बेचक्यात, रुपयाएवढा एक चट्टा उरला आहे. दर दिवाळीच्या सुटीआधी मी शिडी लावतो, एका मुलाला वर चढवतो आणि पट्टीने तो मोजायला सांगतो. "गुरुजी, गेल्या वर्षीइतकाच आहे," असे तो वरून ओरडतो. मी वहीत आकडा लिहितो आणि खाली, उघड्या बुंध्याकडे, पाहण्याचे टाळतो.