पसरणीचा घाट आणि कार्बोरेटर

वाईहून पाचगणीला जायचे तर पसरणीचा घाट चढावा लागतो. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे, पाचगणी सुमारे १३०० मीटरवर, आणि मधले अंतर जेमतेम १२ किलोमीटर. घाटाच्या पायथ्याशी पसरणी हे शाहीर साबळे यांचे गाव. जुनी मोटरसायकल किंवा स्कूटर या घाटात चढवलेल्या माणसाला एक गोष्ट चांगली ठाऊक असते. वाईच्या बाजारात झकास चालणारी गाडी वर पोचेपर्यंत जड होते, पिकअप देत नाही, सायलेन्सरमधून धूर जरा काळा येतो आणि प्लग काढून पाहिला तर त्यावर काजळी धरलेली असते. मेस्त्री सांगतात, वर हवा पातळ आहे, गाडी पेट्रोल जास्त पिते. मेस्त्रींचे म्हणणे बरोबर आहे. ते का बरोबर आहे हे समजून घ्यायचे तर मात्र अडीचशेहून अधिक वर्षे मागे जावे लागते.

आधी या यंत्राकडून आपण काय मागतो ते पाहू. १ ग्रॅम पेट्रोल पुरते जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. हा आकडा वर्गात सांगितला तर कोणाच्या डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही. तेव्हा असे सांगावे : १ लिटर पेट्रोल जाळायला सुमारे ९००० लिटर हवा लागते. तीन मीटर लांब आणि तीन मीटर रुंद खोलीत मीटरभर उंचीपर्यंत मावेल एवढी ही हवा. त्या हवेत ते लिटरभर पेट्रोल सारख्या प्रमाणात मिसळायचे, तेही एंजिन मंद चालत असो की भरधाव. पेट्रोल फार झाले तर मिश्रण 'रिच' झाले म्हणतात, कमी झाले तर 'लीन'. मराठीत आपण दाट आणि पातळ म्हणू.

सुरुवातीच्या एंजिनांना हे काम नीट जमत नसे. कार्ल बेन्झ यांच्या १८८६ च्या तीनचाकी गाडीत आणि १८९४ साली जर्मनीत विक्रीसाठी तयार होऊ लागलेल्या हिल्डेब्रांड-वोल्फम्यूलर मोटरसायकलमध्ये पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा नेत आणि तिच्याबरोबर जेवढी वाफ येईल तेवढी एंजिनात सोडत. पेट्रोल हा एकच पदार्थ नव्हे, ते अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्यातले हलके भाग आधी उडून जात आणि जड भाग मागे राही, म्हणून टाकीतले पेट्रोल निम्मे होईपर्यंत गाडीचा स्वभाव बदललेला असे. चार महिने पावसाळाभर पडवीत उभी ठेवलेली मोटरसायकल दसऱ्याला किक मारून सुरू होत नाही, त्यामागेही बऱ्याचदा हेच कारण असते. कार्बोरेटरमधल्या पेट्रोलचे हलके भाग उडून गेलेले असतात आणि उरलेला चिकट गाळ बारीक छिद्रांत बसलेला असतो.

यातून वाट निघाली १८९३ साली. बुडापेस्टचे डोनात बांकी आणि यानोश चोंका, आणि जर्मनीतले विल्हेल्म मायबाख यांनी त्याच वर्षी स्वतंत्रपणे पेट्रोलची वाफ करण्याऐवजी फवारा उडवण्याची युक्ती काढली. बुडापेस्टमधली एक फुलवाली तोंडाने फुंकून फुलांवर पाणी फवारत होती, ते पाहून बांकी-चोंकांना कल्पना सुचली अशी एक कथा सांगतात. अशा कथांचे पुरावे फार मागू नयेत. पण त्या फवाऱ्यामागचे विज्ञान जुने आणि पक्के आहे. डॅनियल बर्नोली यांनी १७३८ साली 'हायड्रोडायनॅमिका' या ग्रंथात प्रवाहाचा वेग आणि दाब यांचा संबंध मांडला. इटलीच्या जोव्हान्नी बात्तिस्ता व्हेंचुरी यांनी १७९७ मध्ये अरुंद होत जाणाऱ्या नळीतल्या प्रवाहावरचे आपले काम प्रसिद्ध केले. नळी जिथे अरुंद, तिथे वेग जास्त आणि दाब कमी. कार्बोरेटरचा गळा म्हणजे हीच व्हेंचुरीची नळी. तिच्या अरुंद भागात बारीक छिद्राची तोटी, म्हणजे जेट, उघडते. खाली छोट्या वाटीत पेट्रोल असते आणि त्यावर बाहेरच्या हवेचा दाब असतो. गळ्यात दाब कमी, वाटीत जास्त, म्हणून पेट्रोल वर चढते आणि फवारले जाते. वाटीतली पातळी कायम राखायला एक तरंगणारा फ्लोट आणि त्याला जोडलेली सुई असते. घरावरच्या पाण्याच्या टाकीतल्या बॉलकॉकचाच हा लहान भाऊ.

इथे शिक्षकांसाठी एक सूचना. पाण्याच्या पेल्यात उभी नळी धरून तिच्या तोंडावरून आडवे फुंकण्याचा प्रयोग आपण सगळेच करतो आणि 'वेगवान हवेचा दाब कमी' असे सांगून मोकळे होतो. मोकळ्या हवेत फुंकलेल्या झोताचा दाब मात्र आजूबाजूच्या हवेएवढाच असतो. नळीच्या तोंडाशी हा झोत अडून वळतो, आणि त्या वळण्यामुळे तिथे दाब कमी होतो. बंदिस्त, अरुंद होणाऱ्या नळीत मात्र बर्नोलीचे स्पष्टीकरण सरळ लागू पडते. प्रयोग जरूर करावा, फक्त स्पष्टीकरण देताना हा फरक ध्यानात ठेवावा.

आता घाट चढू. गळ्यातून जाणारी हवा एंजिनाच्या फेऱ्यांवर ठरते. वर हवा विरळ असली तरी तेवढ्याच फेऱ्यांना तेवढेच लिटर आत जातात, फक्त त्या लिटरांचे वजन कमी भरते. घनता निम्मी झाली तर हवेचे वजनही निम्मे. पेट्रोलचे गणित वेगळे आहे. गळ्यातली दाबाची तूट घनतेच्या प्रमाणात घटते, पण छिद्रातून येणारा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. म्हणून हवेची घनता जितकी कमी होते तितके पेट्रोल कमी होत नाही, आणि मिश्रण दाट होते. वाईहून पाचगणीला जाताना हवेची घनता सुमारे ६ टक्क्यांनी कमी होते, म्हणून मिश्रण सुमारे ३ टक्क्यांनी दाट होते. मुंबईत समुद्रकाठी जुळवलेली गाडी सुमारे १३५० मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरला नेली तर ती जवळजवळ ७ टक्के दाट मिश्रण ओढू लागते. शिवाय हवाच कमी असल्याने जोर सुमारे १२ टक्क्यांनी घटतो तो वेगळाच. गाडी दमते ती या दोन्ही कारणांनी. त्यातल्या पहिल्यावर जेट बदलून उपाय होतो, दुसऱ्यावर कोणताही मेस्त्री काही करू शकत नाही.

फ्लोटच्या वाटीची सर्वांत मोठी परीक्षा दुसऱ्या महायुद्धात आकाशात झाली. ब्रिटिशांच्या स्पिटफायर आणि हरिकेन विमानांत रोल्स-रॉइसचे मर्लिन एंजिन होते आणि त्याला फ्लोटचा कार्बोरेटर होता. वैमानिकाने विमानाचे नाक एकदम खाली घातले की वाटीतले पेट्रोल वर उसळे. आधी एंजिन उपाशी राही, मग त्यात पेट्रोलचा पूर येऊन ते गुदमरे. जर्मन विमानांच्या एंजिनांत इंधन थेट फवारले जाई, त्यामुळे त्यांना ही अडचण नव्हती. फार्नबरोच्या संशोधन संस्थेतल्या अभियंता बिआट्रिस शिलिंग यांनी १९४१ मध्ये यावर तात्पुरता पण कामचलाऊ तोडगा काढला. त्यांनी पेट्रोलच्या वाटेत ठरावीक मापाचे छिद्र असलेली एक लहानशी चकती बसवली. एंजिनाला जास्तीत जास्त लागेल तेवढेच पेट्रोल त्यातून जाई. या शिलिंगबाई स्वतः नॉर्टन मोटरसायकल शर्यतीत चालवत आणि ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर त्यांनी ताशी १०० मैलांहून अधिक वेगाने फेरी मारलेली होती. एका छिद्राचे मोल त्यांना कोणी समजावून सांगावे लागले नसणार.

पसरणीच्या वळणांवर मात्र अशी पंचाईत येत नाही. वळणावर मोटरसायकल कलते तेव्हा वाटीतले पेट्रोलही तिच्याबरोबरच कलते, कारण गुरुत्व आणि वळणाचा परिणाम मिळून होणारा जोर गाडीच्या उभ्या रेषेतच पडतो. फ्लोटला काही कळतच नाही. तीच गाडी साइड-स्टँडवर तेवढीच कलून उभी केली की फ्लोटला तिरपेपणा कळतो, आणि सुई झिजलेली असेल तर पेट्रोल ठिबकू लागते. विद्यार्थ्यांना हे कोडे घालून पाहावे.

आपल्याकडे या यंत्राची ओळख झाली ती बहुतेक परदेशी रचनांमधून. १९२७ मध्ये इंग्लंडमधल्या तीन कंपन्या एकत्र येऊन 'अमल' ही कंपनी झाली, आणि बुलेटवर त्याच पद्धतीचा कार्बोरेटर आला. स्कूटरवर इटालियन डेलोर्तो पद्धतीचा. सातारा जिल्ह्याचा या इतिहासाशी थेट संबंध आहे. १९७५ साली बजाज ऑटो आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांनी मिळून महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी स्थापन केली आणि तिच्या साताऱ्याच्या कारखान्यात 'प्रिया' स्कूटर तयार होऊ लागली. स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहण्याचा तो काळ. पुढे गिअरच्या स्कूटरची मागणी ओसरली आणि ते उत्पादनही थांबले. पण प्रिया, बुलेट, राजदूत, आणि १९८५ मध्ये आलेल्या यामाहा आरएक्स १०० व हिरो होंडा सीडी १०० यांनी वाईपासून सांगलीपर्यंत गॅरेजांची एक पिढी घडवली. त्याच सुमारास वाईतच मराठी विश्वकोशाचे खंड तयार होत होते (पहिला खंड १९७६ चा), आणि त्यात 'अंतर्ज्वलन-एंजिन' असा भारदस्त शब्द होता. गॅरेजात मात्र 'मिसिंग', 'ओव्हरफ्लो', 'गाडी एअर घेते' अशी भाषा चाले. दोन्हीकडे विषय एकच होता, आणि आमच्या मते निदानाची शिस्त गॅरेजात अधिक होती.

ती शिस्त पाहण्यासारखी आहे. गाडी बंद पडली तर आधी एकच प्रश्न : ठिणगी नाही, पेट्रोल नाही, की हवेचे प्रमाण चुकले? ठिणगी असेल तर कॉकपासून कार्बोरेटरकडे जाणारी नळी काढून पेट्रोल धारेने येते का ते पाहायचे (अर्थात एंजिन थंड असताना, विडी-काडीपासून दूर). थोडा वेळ धार येऊन मग थांबली, तर टाकीचे झाकण उघडायचे. 'सूं' आवाज होऊन धार पुन्हा सुरू झाली तर झाकणातले हवेचे छिद्र बुजले आहे. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडले की तेल नीट पडत नाही, तसेच हे. अशी गाडी पाच-सहा किलोमीटर चालते, बंद पडते, दहा मिनिटांनी पुन्हा सुरू होते. छिद्राचा विचार न सुचलेला माणूस तिच्यावर कॉइलपासून कार्बोरेटरपर्यंत सगळे बदलून बसतो.

पेट्रोल येत असेल तर चोकला विचारायचे. चालत्या गाडीचा चोक अर्धा ओढला आणि ती सुधारली, तर मिश्रण पातळ होते. आणखी बिघडली, तर ते आधीच दाट होते. एका खटक्यात निम्म्या शंका बाद होतात. दाट असेल तर पाहायचे एअर फिल्टर, अडकलेला चोक, फ्लोटची पातळी. उसाच्या हंगामात धुरळ्याच्या रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर हा पहिला आरोपी. पातळ असेल तर बुजलेला जेट, किंवा कार्बोरेटर आणि एंजिन यांच्यामधल्या रबराला गेलेली चीर. चिरेतून आत शिरणारी हवा जेटला विचारून येत नाही. स्लो कधी एकदम चढतो, कधी बसतो, आणि स्क्रू कितीही फिरवला तरी जागेवर राहत नाही. पातळ मिश्रण दिसायला निरुपद्रवी, पण खरा धोका त्याचाच. एंजिन तापते. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून घालायच्या टू-स्ट्रोक गाड्यांत पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, आणि मग पिस्टन जाम होतो. लांबच्या उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद ठेवून खालच्या गिअरमध्ये गाडी उतरवताना हीच वेळ येते, म्हणून जुने मेस्त्री मधूनमधून थ्रॉटल उघडायला सांगत.

शिस्त मोडते ती जेट साफ करताना. डेलोर्तो पद्धतीत जेटवरचा आकडा छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सांगतो, १०० म्हणजे १ मिलिमीटर. (अमलच्या जेटवरचा आकडा मिनिटाला किती घन सेंटिमीटर पेट्रोल वाहते ते सांगतो.) बुजलेल्या जेटमध्ये तार घालून घासली आणि व्यास १.०० चा १.०५ झाला, तर क्षेत्रफळ १० टक्क्यांनी वाढले. म्हणजे मुंबईहून महाबळेश्वरला जाऊन झाला नसता एवढा फरक तारेच्या दोन फटक्यांत झाला. जेट पेट्रोलमध्ये भिजत घालावा आणि हवेच्या झोताने साफ करावा.

१ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले आणि नव्या मोटरसायकलींतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. इंधन-फवारणीच्या यंत्रणेत सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर मिश्रण कसे आहे ते सतत सांगत असतो, त्यामुळे घाट चढताना ती आपोआप पेट्रोल कमी करते. जुन्या गाड्या मात्र रस्त्यावर आहेतच, आणि त्यांच्यापुढे आता नवा प्रश्न आहे तो इथेनॉलचा. आपल्याकडे ५ टक्के मिश्रणाची सुरुवात २००३ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांत झाली. २०२२ मध्ये देशाची सरासरी १० टक्क्यांवर पोचली, आणि २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले. हा बदल वाईकरांना परका नाही. तालुक्यातच भुईंजला किसन वीर सहकारी साखर कारखाना आहे, आणि कृष्णाकाठचा ऊस शेवटी पेट्रोलच्या टाकीत जातो हे आता शाळेतली मुलेही सांगतात.

इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन असतोच, म्हणून १ ग्रॅम इथेनॉलला सुमारे ९ ग्रॅम हवा पुरते. २० टक्के मिश्रणाला हिशेबाने सुमारे १३.५ ग्रॅम लागते. निव्वळ पेट्रोलसाठी ठरवलेला जेट हे मिश्रण देऊ लागला की एंजिनाच्या दृष्टीने ते सुमारे ८ टक्के पातळ पडते. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेते. पाणी फार झाले तर ते इथेनॉलसह तळाशी वेगळे बसते, आणि जुनी रबरे व जस्ताच्या मिश्रधातूची वाटी यांना ते मानवत नाही. पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची असेल तर वाटीतले पेट्रोल खालचा स्क्रू सोडून काढून टाकलेले बरे.

गंमत अशी की मुंबईत निव्वळ पेट्रोलवर जुळवलेली जुनी गाडी २० टक्क्यांचे पेट्रोल भरून महाबळेश्वरला नेली, तर उंचीमुळे आलेले ७ टक्के आणि इथेनॉलमुळे गेलेले ८ टक्के जवळपास फिटतात. वाईत ते पुरते फिटत नाहीत, तिथे मिश्रण चार-पाच टक्के पातळच राहते. तेवढे भरून काढायला १०० नंबरचा जेट काढून १०२ चा बसवला तरी पुरते. आधी प्लगचा रंग पाहावा : पांढुरका असेल तरच बदलावा, विटकरी तपकिरी असेल तर हात लावू नये.