साथीच्या काळातील सक्तीची उपस्थिती : गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात

साथीच्या रोगांच्या इतिहासात दोन प्रकारच्या समुदायांचा विचार विशेषत्वाने झालेला आढळतो. एक, यात्रेला लोटणारा भाविकांचा समुदाय; दुसरा, पोटासाठी गाव सोडणारा मजुरांचा समुदाय. तिसऱ्या एका समुदायाकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. शासकीय आदेशाने प्रशिक्षणासाठी एकत्र आणलेले शिक्षक, ग्रामसेवक, आशा कार्यकर्त्या व मतदान अधिकारी यांचा हा समुदाय होय. भाविकाला घरी राहण्याची मोकळीक असते. यांना ती नसते. ज्याला अनुपस्थित राहून स्वतःचे रक्षण करता येत नाही, त्याच्या रक्षणाचा भार कोणावर, हा प्रश्न त्यातून उद्भवतो. गोंदिया जिल्ह्याच्या अनुभवाच्या आधारे त्याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या प्रश्नाचे मूळ १८९७ च्या साथरोग अधिनियमापर्यंत जाते. १८९६ साली मुंबईत प्लेगने शिरकाव केल्यानंतर फेब्रुवारी १८९७ मध्ये हा अत्यंत छोटेखानी कायदा संमत झाला. त्याच्या दुसऱ्या कलमाने आगगाडीने वा अन्य मार्गाने प्रवास करणाऱ्यांची तपासणी करण्याचा आणि संशयितांना अलग ठेवण्याचा अधिकार शासनास दिला. चौथ्या कलमाने कायद्यानुसार सद्‌भावनेने केलेल्या कृत्याबद्दल कोणावरही दावा चालणार नाही, असे संरक्षण दिले. येथे एक गोष्ट ध्यानात घेणे अवश्य आहे. या कायद्याला प्रवासी दिसतो, संशयित रोगी दिसतो, अधिकारीही दिसतो; परंतु शासनाच्याच बोलावण्यावरून एका दालनात बसलेला मनुष्य त्यात कोठेच दिसत नाही. २०२० साली या कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिनेही प्रामुख्याने आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांना पायबंद घातला. बोलावणाऱ्याचे कर्तव्य सांगितले नाही.

आजचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याच्या विभाजनातून अस्तित्वात आला. त्याच्या आठ तालुक्यांपैकी सालेकसा, देवरी व अर्जुनी-मोरगाव यांचा बराचसा भाग अरण्यमय आहे. पूर्वेस छत्तीसगड व उत्तरेस मध्य प्रदेश असल्याने येथील दळणवळण नेहमीच आंतरप्रांतीय राहिले. हावडा-मुंबई लोहमार्गावरील गोंदिया स्थानकातून विसाव्या शतकाच्या प्रारंभी जबलपूरकडे अरुंद मार्ग निघाला आणि भाताच्या व विडीपानाच्या व्यापाराचे हे गाव मोठे जंक्शन बनले. १९१८ च्या इन्फ्लुएंझाची दुसरी, घातक लाट सप्टेंबरात मुंबईत उसळली आणि लोहमार्गांवरूनच देशभर पसरली. मध्य प्रांत व वऱ्हाड हा त्या लाटेत सर्वाधिक प्राणहानी सोसणाऱ्या प्रांतांपैकी एक होता. त्याच वर्षी पाऊस अपुरा पडल्याने दुष्काळाची छायाही रोगावर पडली. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या घटली. भारतीय जनगणनेच्या इतिहासात असे दुसरे दशक नाही.

त्या काळातील वैद्यकीय सल्ल्यात मोकळ्या हवेवर मोठा भर होता. झाडीपट्टीच्या लोकजीवनाला ही गोष्ट परकी नव्हती. दिवाळीनंतर भरणारी मंडई असो, रात्रभर रंगणारी दंडार असो, की गावाची बैठक असो, या मुलखातील परंपरागत समुदाय उघड्या आकाशाखाली अथवा झाडाच्या सावलीत जमत आलेला आहे. बंद दालनात, पंख्याखाली, दिवसभर एकाचे बोलणे इतरांनी ऐकत बसावयाचे, ही रीत शाळा व कचेरी यांच्याबरोबर आली. प्रशिक्षणवर्ग हे तिचेच अपत्य होय.

कोविड-१९ च्या साथीत महाराष्ट्र शासनाने मार्च २०२० मध्ये पुन्हा १८९७ च्याच कायद्याचा आधार घेतला. टाळेबंदी शिथिल होऊ लागल्यावर प्रशिक्षणासंबंधी स्वतंत्र नियम निघाले. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या ८ सप्टेंबर २०२० च्या कार्यपद्धतीने कौशल्य प्रशिक्षण संस्थांसाठी सहा फुटांचे अंतर, मुखपट्टी, प्रवेशद्वारी तापमान-तपासणी व खेळती हवा यांची अपेक्षा केली. प्रतिबंधित क्षेत्रातील व्यक्तींस प्रवेश नाकारला. भारत निवडणूक आयोगाच्या २१ ऑगस्ट २०२० च्या सूचनांत मतदान अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण मोठ्या दालनांत, विकेंद्रित रीतीने वा दूरस्थ पद्धतीने घ्यावे आणि कर्मचारी राखीव ठेवावेत, असे सांगितले होते. यांपैकी राखीव कर्मचाऱ्यांची तरतूद वरकरणी किरकोळ वाटते. वस्तुतः तीच सर्वांत मूलगामी आहे. बदली माणूस उपलब्ध असेल तरच ताप आलेल्या माणसाला घरी राहता येते.

प्रत्यक्षात भर पडला तो दारावरच्या तपासणीवर. ती दिसते, तिची नोंद ठेवता येते आणि १८९७ च्या रेल्वे-तपासणीशी तिचे नाते जुळते. परंतु लक्षणे प्रकट होण्यापूर्वीच रोगी संसर्ग पसरवू शकतो, हे लवकरच स्पष्ट झाले होते. १० मार्च २०२० रोजी अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात स्कॅजिट परगण्यातील एका गायकवृंदाचा सराव सुमारे अडीच तास चालला. जमलेल्या ६१ जणांपैकी ५३ जण आजारी पडले व दोघे मृत्यू पावले. धोका दारात नसून दालनातील हवेत आणि बैठकीच्या कालावधीत असतो, हा त्या घटनेचा बोध होय. दिवसभर उच्च स्वरात चालणारा प्रशिक्षणवर्ग त्या सरावाहून फारसा निराळा नसतो.

या पार्श्वभूमीवर गोंदिया जिल्ह्याचा अनुभव पाहावयाचा आहे. १५ जानेवारी २०२१ रोजी राज्यातील ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या. त्यांत या जिल्ह्यातील गावेही होती. त्याहून अधिक बोलके उदाहरण जिल्हा परिषदेचे आहे. भंडारा व गोंदिया जिल्हा परिषदांचे मतदान २१ डिसेंबर २०२१ रोजी ठरले. परंतु इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणासंबंधीच्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे काही जागांचे मतदान वेगळे काढावे लागले व ते १८ जानेवारी २०२२ रोजी झाले. या दोन तारखांच्या दरम्यान साथीचे रूप पालटले. ओमायक्रॉनची लाट उसळली आणि १० जानेवारीपासून राज्यात नवे निर्बंध लागू झाले. एकाच निवडणुकीचे काम डिसेंबरात एका परिस्थितीत व जानेवारीत सर्वस्वी निराळ्या परिस्थितीत पार पाडावे लागले. मतदानाची तारीख न्यायालय व आयोग ठरवितात. लाटेची तारीख कोणीच ठरवीत नाही. आणि दोहोंच्या मध्ये शाळेचा शिक्षक उभा असतो. देवरी वा सालेकसा तालुक्यातील शिक्षक तालुक्याच्या गावाहून परततो तो आपल्या वर्गात व आपल्या घरात. तो घेऊन येणारा संसर्ग त्याच्याबरोबरच तेथवर पोहोचतो.

अशा संसर्गाची जबाबदारी मोजावयाची कशी, याचा कसोटीचा प्रसंग उत्तर प्रदेशात आला. एप्रिल २०२१ मधील पंचायत निवडणुकांच्या कामामुळे १,६२१ शिक्षक व कर्मचारी मृत्युमुखी पडल्याचा दावा तेथील शिक्षक संघटनेने केला. शासनाने प्रथम केवळ तीन मृत्यू मान्य केले. ही तफावत निव्वळ आकडेमोडीची नव्हती. कामासाठी घर सोडल्यापासून घरी परतेपर्यंतचाच काळ कर्तव्याचा, अशी जुनी व्याख्या होती. अपघाताला ती लागू पडते. ज्या रोगाला प्रकट होण्यास दिवस लागतात, त्याला ती लागू पडत नाही. अखेर कर्तव्याच्या दिनांकापासून तीस दिवसांच्या आत झालेल्या मृत्यूंचा विचार करण्याचे ठरले. साथीच्या काळात कर्तव्य घराच्या उंबरठ्यावर संपत नाही, हे त्या निर्णयाने मान्य केले.

यावरून एक निष्कर्ष काढता येतो. १८९७ पासून चालत आलेल्या व्यवस्थेने येणाऱ्या माणसाची तपासणी केली; बोलावणाऱ्याची केली नाही. प्रशिक्षणार्थ्याची सुरक्षितता मुख्यतः बोलावणाऱ्याच्या हातातील चार गोष्टींवर अवलंबून असते : बैठक खरोखर आवश्यक आहे काय, ती उघड्यावर वा खेळत्या हवेत घेता येईल काय, तिचा अवधी आखडता येईल काय, आणि आजारी माणसाला निर्भयपणे ‘येत नाही’ असे म्हणता येईल काय. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे आरोग्यशास्त्र देऊ शकते. चौथ्याचे उत्तर हजेरीपटाच्या नियमात आहे. आणि तो नियम बदलण्याचा अधिकार हजेरी देणाऱ्याकडे नसून घेणाऱ्याकडे आहे.