पोटातले बॅक्टेरिया लॅबमध्ये कसे ओळखतात? कल्चरपासून डीएनए टेस्टपर्यंत

आम्ही वाशिम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यातले. मागच्या पावसाळ्यात माझ्या लहान भावाला रक्ताची हगवण लागली. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या त्याने दोन दिवस खाल्ल्या, फरक पडला नाही. मग डॉक्टरांनी स्टूल कल्चर सांगितलं. सकाळी डबी बॅगेत टाकली, एसटीची वाट पाहिली आणि वाशिमच्या लॅबमध्ये पोचेपर्यंत चार तास उलटून गेले. काउंटरवरच्या ताईंनी विचारलं, "भाऊ, अँटिबायोटिक सुरू झालं होतं काय?" मी हो म्हणालो.

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला: सॅल्मोनेला, शिगेला आढळले नाहीत. मला वाटलं, चला, जंतूच नाही! डॉक्टर म्हणाले, "नव्हते आणि सापडले नाहीत, यात फरक आहे." भाऊ बरा झाला, पण अंदाजाने दिलेल्या औषधावर. हा फरक समजून घ्यायला मी लॅबच्या पद्धती शोधून वाचल्या. त्याच इथे सोप्या भाषेत सांगतो.

१. मायक्रोस्कोप

नमुन्याचा पातळ थर काचेवर पसरून मायक्रोस्कोपखाली बघतात. रक्तपेशी, पू, अमिबा, जंतांची अंडी यातून लवकर कळतात. बॅक्टेरिया दिसावेत म्हणून ग्रॅम स्टेन हा रंग वापरतात. ही पद्धत १८८४ ची. पण अडचण अशी की पोटात नेहमी राहणारा ई. कोलाय, टायफॉइडचा सॅल्मोनेला आणि हगवणीचा शिगेला, तिघेही गुलाबी काडीसारखेच दिसतात. नुसत्या दिसण्यावरून नाव सांगता येत नाही.

२. कल्चर

म्हणून बॅक्टेरिया वाढवून बघतात. पेट्री डिशमध्ये अगार नावाची जेली असते. अगार म्हणजे आपल्या किचनमधला चायना ग्रास! आधी लॅबमध्ये जिलेटिन वापरायचे, पण ते उबेत वितळायचं. १८८१ च्या सुमारास जर्मनीत फॅनी हेसे यांनी स्वयंपाकातला अगार सुचवला आणि तो आजही चालतो.

खरी गंमत रंगांची आहे. मॅककॉन्की अगारवर ई. कोलाय लॅक्टोज ही साखर खातो आणि त्याचे ठिपके गुलाबी होतात. सॅल्मोनेला, शिगेला ती खात नाहीत, त्यांचे ठिपके बिनरंगी राहतात. कॉलऱ्याच्या जंतूसाठी टीसीबीएस नावाची वेगळी जेली असते. तिच्यावर तो पिवळा दिसतो. डिश ३७ अंश सेल्सिअसला साधारण एक दिवस ठेवतात, संशयित ठिपका वेगळा वाढवून ओळख पक्की करतात. नंतर त्याच जंतूवर अँटिबायोटिकच्या चकत्या ठेवतात. चकतीभोवती पुरेसं मोठं मोकळं वर्तुळ पडलं तर ते औषध चालेल. म्हणूनच रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात.

पण कल्चरला जिवंत जंतू लागतो. अँटिबायोटिकने तो मेला किंवा कमजोर झाला, तर डिशवर उगवत नाही. शिगेला तर शरीराबाहेर फार लवकर मरतो. आमच्या बाबतीत दोन्ही चुका झाल्या होत्या.

३. ऑक्सिजनशिवाय कल्चर

आतड्यातले बहुतेक बॅक्टेरिया हवेत वाढतच नाहीत. त्यांच्यासाठी नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि थोडा हायड्रोजन भरलेली बंद पेटी लागते. हातमोजे पेटीलाच जोडलेले असतात. ही सोय मुख्यतः संशोधन संस्थांत असते. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी निरोगी माणसांच्या विष्ठेतून असाच एक नवा बॅक्टेरिया वेगळा केला आणि २०१४ मध्ये त्याला नाव दिलं: मेगास्फेरा इंडिका.

४. डीएनए टेस्ट

जे वाढत नाहीत त्यांचं काय? प्रत्येक बॅक्टेरियात १६एस नावाचं जीन असतं, सुमारे १५०० अक्षरांचं. नमुन्यातून डीएनए काढतात, पीसीआरने या जीनच्या लाखो कॉपी करतात, मशीनवर वाचतात आणि डेटाबेसशी जुळवतात. अगदी ट्रूकॉलरसारखं: नंबर डेटाबेसमध्ये असेल तर नाव दिसतं, नाहीतर अनोळखी.

पुढची पायरी म्हणजे शॉटगन सिक्वेन्सिंग. यात नमुन्यातला सगळाच डीएनए वाचतात, त्यामुळे औषधाला दाद न देणारी जीन्सही सापडतात. मात्र डीएनए मेलेल्या जंतूचाही वाचला जातो. जंतू जिवंत आहे का, हे या टेस्ट सांगत नाहीत.

म्हणून ऑनलाइन मिळणाऱ्या "गट टेस्ट"च्या रंगीत रिपोर्टवरून आजार ठरवू नका. निरोगी पोटातलं बॅक्टेरियांचं प्रमाण माणसागणिक, जेवणागणिक बदलतं.

नमुना देण्याआधी हे लक्षात ठेवा

- शक्यतो अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी नमुना द्या. आधीच घेतलं असेल तर लॅबला नाव आणि वेळ सांगा.
- लॅबची डबी आदल्या दिवशीच आणा. त्यात लघवी किंवा संडासातलं पाणी मिसळू देऊ नका.
- रक्त किंवा शेंब दिसत असेल तर तोच भाग घ्या.
- नमुना दोन तासांत पोचवा. गाव लांब असेल तर कॅरी-ब्लेअर माध्यमाची बाटली मागा. त्यात जंतू जास्त वेळ टिकतात.
- डबीवर नाव आणि नमुना घेतल्याची वेळ लिहा.

आणि एक महत्त्वाचं: रिपोर्टची वाट बघत उपचार थांबवू नका. ओआरएस लगेच सुरू करा. रक्त पडत असेल, ताप चढत असेल, लघवी कमी झाली असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

आता आमच्या घरी उरलेल्या गोळ्या कुणी खात नाही. आणि रिपोर्टवर "आढळले नाहीत" असं आलं, की मी आधी दोन प्रश्न विचारतो: नमुना कधी घेतला, आणि त्याआधी कोणती गोळी खाल्ली होती?