खिळीवर फिरणारे पाते

अकोले तालुक्याच्या पश्चिम भागात, प्रवरेच्या खोऱ्यातून भंडारदऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवर वसलेल्या राजूरचा इतिहास ज्यांनी लिहिला त्यांनी तो बहुतांशी बंडांचा आणि बंदोबस्तांचा इतिहास म्हणून लिहिला; आणि ते स्वाभाविकही होते, कारण पेशवाईत सरकाराशी वैर धरून पुढे माफी मिळाल्यावर साठ गावांच्या बंदोबस्ताचा अधिकार संपादन करणारा जावजी बांबळे नाईक याच डोंगरी मुलखातला, आणि ज्या राघोजी भांगरे यांना इंग्रज सरकारने २ मे १८४८ रोजी ठाण्यास फाशी दिले त्यांचे देवगावही येथून जवळच. या इतिहासात तलवार आहे, भाला आहे, बंदूक आहे. परंतु ज्या लहानसहान पात्यांनी या मुलखातील माणसांनी सुपारी कातरली, बोरू तासला, दोर कापला आणि कांदा चिरला, त्या पात्यांना त्यात स्थान मिळालेले नाही. त्यांतही जे पाते एका खिळीवर फिरते, मिटते आणि खिशात किंवा चंचीत मावते, त्याची कथा मला विशेष विचारणीय वाटते.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की डोंगराचे खरे शस्त्र व खरे अवजार म्हणजे कोयता, आणि कोयत्याला सांधा नसतो. भातरोपांच्या वाफ्यावर राब भाजण्यासाठी फांद्या तोडायच्या, सरपण फोडायचे, कूड घालायला कारवी छाटायची, ही सारी कामे घाव घालण्याची आहेत; आणि घाव घालणारे पाते जर खिळीवर बसवलेले असेल तर प्रत्येक घावाचा सारा धक्का त्या करंगळीच्या नखाएवढ्या खिळीने सोसायचा, हे शक्य नाही. युरोपातील साव्होय प्रांतातही डोंगराळ शेतकरीच राहतात, आणि तेथे जोसेफ ओपिनेल याने १८९० साली सिद्ध केलेला लाकडी मुठीचा मिटता चाकू घरोघरी गेला. पण तेथील नित्याचे काम पाव, चीज आणि द्राक्षवेलीचे कोवळे फुटवे कापण्याचे, म्हणजे धार ओढण्याचे होते. डोंगरातच राहणाऱ्या दोन समाजांनी दोन वेगळी पाती पत्करली त्याचे कारण माझ्या मते स्वभावात शोधू नये, कामात शोधावे.

म्हणून राजूरसारख्या ठिकाणी मिटते पाते रानातून आले नाही. ते कचेरीतून, चंचीतून आणि बाजारातून आले. दप्तर लिहिणाऱ्या कुलकर्ण्याच्या कलमदानात बोरू तासण्यासाठी कलमतराश असे, आणि त्याचे पाते बहुधा मुठीत घट्ट रोवलेले असे; पुढे इंग्रजी अमलात शेफील्डच्या कारखान्यांतील घडीचे चाकू मुंबई बंदरातून देशावर आले तेव्हा कारकून, मास्तर आणि शाळेतली मोठी मुले यांच्या हाती तेच दिसू लागले. मिटत्या चाकूची कल्पना अर्थातच याहून पुष्कळ प्राचीन आहे. ऑस्ट्रियातील हालस्टाट येथे ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकाच्या सुमाराचा हाडाच्या मुठीचा असा चाकू सापडला आहे. परंतु पाते उघडल्यावर व मिटल्यावर दोन्ही वेळा ठिकाणावर दाबून धरणारी पोलादी कमान शेफील्डच्या कारागिरांनी सतराव्या शतकापासून सार्वत्रिक केली, आणि आपल्याकडच्या कमानीच्या चाकूंना त्याच रचनेचा वारसा आहे. उत्तरेकडील रामपूर संस्थानातून आलेला खटक्याचा रामपुरी चाकू मात्र गावगाड्यात कधीच सन्मानाने वावरला नाही. तो पुंडांच्या कमरेस राहिला आणि त्याने साध्या चाकूचीही बदनामी केली.

आपल्याकडे या चाकूंहून जुना आणि घराघरांत मुरलेला खिळीवरचा जिन्नस म्हणजे अडकित्ता. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात मोराच्या, घोड्याच्या आणि माणसांच्या आकृतींचे अडकित्ते पाहताना प्रेक्षकाची दृष्टी नक्षीवर खिळते. कारागिराची दृष्टी मात्र दोन भुजा जेथे एकत्र येतात त्या टोकाकडे जाते, कारण खीळ ढिली झाली की पाते खालच्या पाटीच्या कडेने आडवे सरकते, आणि सुपारीचे काप न पडता तिचा चुरा होतो किंवा ती निसटून बाजूला उडते. चाकूच्या बाबतीत हीच अवस्था अधिक भयावह आहे, कारण लुळे पडलेले पाते दाब देताच भलत्या दिशेला वळते आणि बोटावर येते.

खिळखिळेपणाची कारणे शोधू गेल्यास ती दोन जातींची निघतात. पाते आडवे हलत असेल तर खिळीची डोकी सैल झालेली असतात, किंवा पाते व मूठ यांमधील पितळी चकती झिजलेली असते, किंवा मुठीचे लाकूड आकसलेले असते. हे शेवटचे कारण अकोले तालुक्यात उपेक्षणीय नाही. घाटघर-रतनवाडीच्या बाजूस वर्षाला दोनशे इंचांच्या आसपास पाऊस कोसळतो, त्या दमट हवेत लाकूड फुगून पात्याला असे आवळते की ते नखाने उघडत नाही, आणि वैशाखात तेच लाकूड वाळून पाते मोकळे सोडते. पाते उभे, म्हणजे कण्याकडे व धारेकडे, हलत असेल तर मात्र रोग खोल आहे असे समजावे: खिळीचे छिद्र लंबगोल झालेले असते, अथवा कमान जेथे बसते ती खाच खाल्लेली असते; आणि अशा चाकूची खीळ कितीही ठोकली तरी ते हलणे थांबत नाही.

पहिल्या रोगावर गावाकडे होणारा उपाय अत्यंत विचारपूर्वक योजलेला आहे. पाते आणि मूठ यांच्या फटीत पातळ कागद किंवा पत्र्याची पट्टी सरकवून, खिळीचे एक डोके ऐरणीवर टेकवून, दुसऱ्यावर हलक्या हातोडीने चहूबाजूंनी टोले द्यायचे, म्हणजे डोके पसरते व खीळ आवळली जाते. मग पट्टी ओढून काढायची, आणि तिच्या जाडीइतकी फट राहिल्यामुळे पाते जखडत नाही. वर तेलाचा थेंब सोडला की काम झाले. दुसऱ्या रोगात, म्हणजे छिद्र झिजले असल्यास, ते सामत्याने किंचित मोठे करून जाड खीळ बसवायची. अलीकडच्या चाकूंत खिळीच्या जागी स्क्रू असतो, तेथे पेचकसाचा पाव फेरा पुरतो. परंतु स्क्रू पुन्हा ढिला होतो, ठोकलेली खीळ वर्षानुवर्षे टिकते.

हे काम कोण करीत असे, हा प्रश्न मला चाकूपेक्षाही महत्त्वाचा वाटतो. त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ हे पुस्तक १९१५ साली प्रसिद्ध झाले. त्यात वर्णिलेल्या बलुत्याच्या व्यवस्थेत लोहाराचा हक्क शेतीच्या अवजारांशी जोडलेला होता, खळ्यावरचे धान्य त्याला नांगराच्या फाळासाठी आणि विळ्या-कोयत्यांसाठी मिळे. चाकू आणि अडकित्ता या हिशेबाच्या कडेला पडत, आणि अशा किरकोळ कामांचा मोठा भाग भाता, ऐरण व बिऱ्हाड गाढवांवर घालून गावोगाव फिरणाऱ्या घिसाड्यांकडे जाई. त्यांची नोंद १८८४ च्या अहमदनगर जिल्हा गॅझेटियरात आहे, पण ती जातीची नोंद आहे. त्यांच्या हातच्या कसबाची नव्हे.

सरकारी दप्तराचा दृष्टिकोन आणखी वेगळा राहिला. १८५७ नंतरच्या निःशस्त्रीकरणात आणि पुढे १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यात सरकारला चिंता होती ती बंडखोराच्या पात्याची. स्वतंत्र भारताच्या १९६२ च्या नियमांनी नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाते शस्त्र ठरवले, आणि घरगुती व शेतीच्या अवजारांना त्यातून वगळले. राजूरच्या शेतकऱ्याचा कोयता त्या सवलतीने सुरक्षित राहिला, आणि खिशातला चाकू त्याच्या आखूडपणामुळे.

आज राजूरच्या बाजारात किंवा डांगी जनावरांच्या प्रदर्शनाच्या गर्दीत मिळणारा चाकू यंत्रावर घडलेला आणि इतका स्वस्त असतो की तो ढिला झाल्यावर दुरुस्तीस देण्याचे कुणास सुचत नाही, आणि आजोबांचा अडकित्ता मोडीत वजनावर जातो. ज्या वाचकांच्या घरी असा एखादा जिन्नस असेल त्यांनी तो भंगारवाल्यास देण्यापूर्वी त्याच्या खिळीकडे एकदा पाहावे. मूळ खिळीचे डोके एकसारखे गोल असते. पुन्हा ठोकलेल्या खिळीवर हातोडीचे पैलू दिसतात. ती कुणी ठोकली, केव्हा ठोकली, कोणत्या गावच्या लोहाराने की वाटेवरच्या घिसाड्याने, हे सांगणारी वृद्ध माणसे अजून हयात आहेत. तालुक्यातील शिक्षकांनी आणि इतिहासाच्या अभ्यासकांनी त्यांच्याकडून हे लिहून घ्यावे, आणि जिन्नस अहिल्यानगरच्या वस्तुसंग्रहालयाकडे द्यायचा झाल्यास तो घासूनपुसून चकचकीत न करता, त्या डागडुजीसह द्यावा.