छावणी, डुकरं आणि आता गवत: लेटीची गोष्ट

"तुझ्या पीएचडीचा विषय काय?" असं कुणी विचारलं की मी "स्मृतिस्थळं" असं सांगते. त्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "म्हणजे आउशवित्झ वगैरे?" हो, आउशवित्झ त्यात येतंच. पण आउशवित्झची जागा जपायची हे युद्ध संपल्यावर दोनच वर्षांत, १९४७ मध्ये पोलंडच्या संसदेनं कायदा करून ठरवलं. बाकीच्या अनेक छावण्यांच्या वाट्याला हे आलं नाही. हॅम्बुर्गजवळच्या नॉयनगामं छावणीच्या जागेवर तुरुंग उभा राहिला. ऑस्ट्रियातल्या गुझेनमध्ये लोकांनी घरं बांधली. आणि आज ज्या जागेबद्दल लिहितेय, तिथं चाळीसहून अधिक वर्षं डुकरं पाळली गेली.

ही जागा म्हणजे चेक प्रजासत्ताकातलं लेटी. प्रागच्या दक्षिणेला, पीसेक शहराजवळचं छोटं गाव. १९४० मध्ये तिथं 'शिस्त लावण्यासाठी' श्रमछावणी सुरू झाली. ऑगस्ट १९४२ मध्ये तिचं रूपांतर रोमा लोकांच्या छावणीत झालं. रोमा म्हणजे ज्यांना आपल्याकडे जुन्या पुस्तकांत 'जिप्सी' म्हटलेलं असतं ते. त्यांचे पूर्वज भारतीय उपखंडातून गेले, हे प्रामुख्यानं त्यांच्या भाषेवरून कळतं. रोमानीत पाण्याला 'पानि', कानाला 'कान', नाकाला 'नाख' आणि माणसाला 'मनुष' म्हणतात. पहिल्यांदा हे शब्द वाचले तेव्हा मी जरा वेळ तशीच बसून राहिले होते.

लेटीत सुमारे १३०० माणसं डांबली गेली. पुरुष, बायका, म्हातारी माणसं, तान्ही मुलं, सगळी. जागा अपुरी, अन्न अपुरं, आणि १९४२-४३ च्या हिवाळ्यात टायफसची साथ. तीनशेहून जास्त लोक तिथंच मेले. त्यांत मुलं पुष्कळ. मे १९४३ मध्ये चारशेहून अधिक जणांना आउशवित्झ-बिर्कनाऊला पाठवण्यात आलं. त्याच वर्षी छावणी बंद झाली. युद्धाआधी चेक भूमीत राहणाऱ्या रोमांपैकी सुमारे ९० टक्के या काळात मारले गेले, असं मानलं जातं.

आता इथं एक अवघड मुद्दा आहे. आदेश नाझी राजवटीचा होता, पण छावणी चालवली चेक लोकांनी. पहारेकरी चेक जेंडार्म, कमांडंटही चेक. आणि रोमांकडे संशयानं पाहणं नाझी येण्याआधीच सुरू होतं. १९२७ मध्ये लोकशाही चेकोस्लोव्हाकियानं 'भटक्या जिप्सीं'साठी कायदा करून त्यांच्या बोटांचे ठसे आणि वेगळी ओळखपत्रं घेतली होती. ब्रिटिशांचा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आणि त्यातली हजेरी ज्यांना माहीत आहे, त्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल.

युद्धानंतर 'आम्ही नाझींचे बळी' ही राष्ट्रीय कहाणी तयार झाली. ती खोटी नव्हती, पण तिच्यात लेटी बसत नव्हतं. कमांडंटवर खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. जिवंत परतलेले रोमा मूठभर, त्यांचं ऐकणारं कुणी नाही. १९५८ मध्ये कम्युनिस्ट सरकारनं भटकंतीवर बंदी आणली. १९७० च्या दशकात छावणीच्या जागेवर मोठं वराहपालन केंद्र उभं राहिलं. मृतांना पुरलं होतं ती जागा तिथून हाकेच्या अंतरावर.

"कुणाला माहीतच नसेल हो!" असं आपल्याला वाटतं. मलाही वाटलं होतं. पण तसं नाही. इतिहासकार त्स्तिबोर नेचास यांनी रोमांच्या छावण्यांवर कम्युनिस्ट काळातच संशोधन केलं होतं. त्यांचं पुस्तक १९८१ मध्ये छापून आलं. त्रेबोनच्या अभिलेखागारात छावणीची कागदपत्रं होती. म्हणजे माहिती होती, पण तिच्यामुळे काही करावं असं कुणाला वाटत नव्हतं. माझ्या प्रबंधाचा एक मुख्य मुद्दा हाच आहे: एखादी जागा विस्मरणात जाते तेव्हा पुरावा गायब झालेला असतोच असं नाही. पुष्कळदा तो फायलीत सुरक्षित असतो.

१९९० च्या दशकात अमेरिकन लेखक पॉल पोलान्स्की यांनी ही कागदपत्रं आणि वाचलेल्यांच्या आठवणी चर्चेत आणल्या. मे १९९५ मध्ये राष्ट्राध्यक्ष वात्स्लाव हावेल यांनी दफनभूमीपाशी स्मारकाचं अनावरण केलं. डुकरं मात्र हलली नाहीत. दरवर्षी मे महिन्यात नातेवाईक जमायचे, फुलं वाहायचे आणि वारा फिरला की तो वास यायचा. युरोपियन संसदेनं २००५ मध्ये केंद्र हटवण्याचा ठराव केला. सरकारांचं उत्तर एकच: खर्च फार आहे.

खर्चाच्या आड दुसरा वाद होता, नावाचा. ही खरंच छळछावणी होती का? २०१६ मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री आंद्रेय बाबिश यांनी ती काम न करणाऱ्यांसाठीची श्रमछावणी होती, अशा अर्थाचं विधान केलं आणि मोठा गदारोळ झाला. सरकारी कागदांवर तिची नावं बदलत गेली हे खरं आहे: आधी श्रमछावणी, मग संकलन छावणी, मग जिप्सी छावणी. पण गंमत बघा, मूळ युरोपीय शब्दाचा अर्थ नुसता 'लोक एकत्र गोळा करण्याची छावणी' असा आहे. मराठीत मात्र आपण 'छळछावणी' म्हणतो. दारावरच्या पाटीवर काय लिहिलंय यापेक्षा आत माणसांचं काय झालं, यावरून आपण ते नाव दिलंय. त्या हिशोबानं लेटीबद्दल वाद उरत नाही.

शेवटी २०१७ मध्ये सरकारनं सुमारे ४५ कोटी कोरुना मोजून केंद्र विकत घेतलं आणि जागा ब्र्नोच्या रोमानी संस्कृती संग्रहालयाकडे सोपवली. पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन करून बराकींचे अवशेष आणि कैद्यांच्या वस्तू शोधल्या. दफनभूमीत कबरीही सापडल्या, त्यांत एक नवजात मुलाची. 'इथं काही नव्हतंच' म्हणणाऱ्यांना यापेक्षा वेगळं काय उत्तर देणार? २०२२ मध्ये पाडकाम झालं आणि २०२४ च्या वसंतात स्मारक खुलं झालं. आज तिथं गवत, झाडं, चालायची वाट आणि मृतांची नावं आहेत.

चेन्येक रुझिच्का यांचे आईवडील लेटीत कैदी होते. केंद्र हटावं म्हणून ते दोन दशकांहून जास्त काळ लढले. पाडकाम सुरू झालेलं त्यांनी पाहिलं. डिसेंबर २०२२ मध्ये ते गेले. स्मारक पाहणं त्यांच्या नशिबी नव्हतं.

मला विचाराल तर स्मारकात ही मधली चाळीस वर्षंही ठळक दिसायला हवीत. १९४२ चा गुन्हा नाझी राजवटीच्या नावावर टाकता येतो. डुकरांचा गोठा टाकता येत नाही. तो शांततेच्या काळात बांधला गेला आणि लोकशाही आल्यावरही तीन दशकं टिकला.

पुढच्या लेखात मोराव्हियातल्या होडोनीनबद्दल लिहीन. रोमांची तशीच छावणी, पण तिथं नंतर लोक सुट्टी घालवायला जायचे.